यंत्राचा आशीर्वाद आणि गृहस्थाचा विवेक

घरी नवे हत्यार किंवा यंत्र आले की ते धर्मगुरूकडून आशीर्वादित करून घ्यावे, ही आपल्या ख्रिस्ती कुटुंबांची जुनी आणि गोड चाल आहे. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, विहिरीवरचा पंप, घरातल्या माउलीचे शिवणयंत्र, मुलाची पहिली मोटारसायकल या सर्वांवर आम्ही आजवर आशीर्वादित पाणी शिंपडले आहे. ख्रिस्तसभेच्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात कामाच्या हत्यारांसाठी स्वतंत्र प्रार्थना आहे, हे कदाचित पुष्कळांना ठाऊक नसेल. ज्या सभेने १९५५ साली, पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, १ मे हा दिवस कामकरी संत जोसेफच्या सणासाठी राखून ठेवला, तिला सुताराच्या रंध्याचे आणि लोहाराच्या घणाचे मोल शिकवावे लागत नाही.

अलीकडे आमच्यापुढे आशीर्वादासाठी एक नवेच यंत्र येऊ लागले आहे. दिसावयास ते मोठ्या पिस्तुलासारखे असते. मूठ धरून घोडा दाबला की पुढील नळीतून अतितप्त हवेचा झोत बाहेर पडतो. बाजारात त्याला हीट गन म्हणतात. पूर्वी हे यंत्र केवळ कारखान्यांत दिसे. आता ते सामान्य गृहस्थालाही परवडू लागले आहे आणि गावोगावच्या घरांत त्याचा शिरकाव झाला आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द आमच्या वाचकांस सांगावे असे मनात आले.

या यंत्राची रचना अगदी सोपी आहे. त्याच्या पोटात एक लहानसा पंखा आणि तारेचे एक वेटोळे असते. ही तार निकेल आणि क्रोमियम या धातूंच्या मिश्रणाची असते. तापून लाल झाली तरी ती हवेत लवकर जळून जात नाही, हा तिचा मोठा गुण. अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकास या जातीच्या मिश्रधातूचे पेटंट १९०६ साली मिळाले, आणि तेव्हापासून विजेच्या शेगडीसारखी कितीतरी उपकरणे याच तारेच्या जिवावर चालत आली आहेत. केस वाळवण्याचे यंत्रही याच कुळातले. परंतु या दोन भावंडांच्या स्वभावात महदंतर आहे. केस वाळवण्याच्या यंत्रातील हवा अंगाला सोसवते. हीट गनची हवा मात्र पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचू शकते. पाणी १०० अंशांवर उकळते, शिसे ३२७ अंशांवर वितळते आणि लाकूड अडीचशे ते तीनशे अंशांच्या सुमारास पेटण्याच्या बेतात येते, हे ध्यानी घेतले म्हणजे आपण हाती काय धरले आहे याची कल्पना येईल.

आणि या अग्नीला ज्वाला नाही. हीच त्याची सोय, आणि हाच त्याचा धोका. आपल्या वाडवडिलांनी विस्तव ओळखला तो ज्योतीवरून. चूल, कंदील, वेदीवरची मेणबत्ती यांच्याजवळ रांगते मूलही एकदा चटका बसला की पुन्हा जात नाही. परंतु जी हवा डोळ्यांना दिसतच नाही, तिच्यापासून हात मागे घेण्याची बुद्धी मुलाला कोठून यावी?

तरीही यंत्र उपयोगी आहे, यात शंका नाही. जुन्या दाराचा रंग काढणे, डब्यावरचे चिकटून बसलेले लेबल सोडवणे, गंजलेला नट सैल करणे, विजेच्या तारांच्या जोडावर आकसणारी नळी बसवणे, अशी कामे ते झटपट करते. पापड-मसाल्याच्या पुड्या विकणाऱ्या भगिनी त्याच्या साहाय्याने पुडीवरचे प्लास्टिकचे आवरण घट्ट बसवतात. मंदिरातील पितळी मेणबत्तीदाने साफ करण्यासही ते कामास येते. मात्र मेण साठ अंशांच्या आसपास पातळ होते, त्यासाठी यंत्राची सर्वांत मंद उष्णता पुरते. जास्त तापवल्यास मेण धूर सोडते आणि पेटही घेते. अशा तऱ्हेने प्रत्येक कामास आपापल्या मापाची उष्णता लागते. ते माप न ओळखता एकदम शेवटच्या खुणेवर चक्र फिरवणे, हेच बहुतेक अपघातांचे मूळ आहे.

हातोद येथे आम्ही जे पाहिले ते येथे सांगितले पाहिजे. इंदूर जिल्ह्यातील हे गाव मालव्याच्या काळ्या मातीत वसले आहे. गहू आणि सोयाबीन ही तेथली पिके. होळकरांच्या अमलापासून मराठी भाषा या मुलखात नांदत आली आहे, आणि आजही नोकरीधंद्यासाठी मराठी माणसे तिकडे जातात. आमच्या ओळखीचे असेच एक ख्रिस्ती कुटुंब तेथे राहते. मुलगा पीथमपूरच्या एका कारखान्यात कामाला. घरी त्याची आई, सून आणि सुटीसाठी आलेला चार वर्षांचा भाचा. सुनेला सातवा महिना लागला होता. पास्काच्या सणानंतर इंदूरला जाणे झाले, तेव्हा त्यांच्या घराला आशीर्वाद द्यावा म्हणून आम्ही तेथे गेलो.

ओसरीत सागवानी दार दोन स्टुलांवर आडवे टाकलेले होते. त्यावर हिरव्याखाली निळा आणि निळ्याखाली पिवळा, असे रंगांचे किती थर होते कोण जाणे. मुलगा सियागंजच्या बाजारातून आणलेल्या हीट गनने तो रंग फुगवून पत्रीने खरवडत होता. गर्भवती सून शेजारी बसून खाली पडलेल्या सालपटांचा केर भरत होती, आणि रंगीत वेटोळी गोळा करून भाचा त्यांचा खेळ मांडून बसला होता. ओसरीभर निळसर धूर आणि उग्र वास भरला होता. कोपऱ्यात एक जुना लाकडी पाळणा उभा होता.

"या फादर," मुलगा आनंदाने म्हणाला, "यंत्राला आशीर्वाद द्या. आज दार उरकले की उद्या पाळणा. बाळ येण्याआधी सगळे नवे कोरे करायचे आहे."

"बाळा, आधी ते बंद कर," आम्ही म्हणालो, "आणि सूनबाईंना व या पोराला आत पाठव. हात-तोंड साबणाने धुऊ दे. मग बोलू."

त्याला नवल वाटले. पण त्याने ऐकले. आम्ही विचारले, "हे दार किती वर्षांचे?" घर विकणाऱ्याने ते पन्नास वर्षांचे सांगितले होते. "आणि पाळणा?" त्यावर आजी पुढे झाल्या. "फादर, याच पाळण्यात माझ्या मालकांना जोजवले. याच पाळण्यात हा वाढला. आता याचे बाळ."

ऐंशीच्या घरातला पाळणा आणि पन्नाशीचे दार! अशा जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव फार मोठा. शिशाच्या संयुगांनी रंग झळझळीत होतो, लवकर वाळतो आणि ऊनपावसात टिकतो, म्हणून पूर्वीचे कारखानदार ती सढळ हाताने घालीत. पांढरा रंग, पिवळा रंग, लोखंडी गजांना लावावयाचा शेंदरी अस्तर-रंग यांत शिसे हमखास आढळे. आपल्या सरकारने घरगुती रंगांतील शिशाविषयी २०१६ साली नियम केले, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असलेला रंग बनवण्यास व विकण्यास मनाई झाली. म्हणजे त्यापूर्वी रंगवलेल्या दाराखिडक्यांविषयी खात्री देता येत नाही.

शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट शिसे अंगी शोषून घेते. ते हाडांत साठते, मेंदूच्या वाढीत अडथळा आणते आणि मुलाची बुद्धी कायमची मंद करू शकते. गर्भवती स्त्रीच्या रक्तातून ते गर्भापर्यंत जाऊन पोहोचते. असा रंग अतिशय तापवला की शिशाचा अदृश्य धूर हवेत मिसळतो. कमी तापवला तरी खरवडताना धूळ उडते आणि ती हातावाटे, भांड्यावाटे तोंडात जाते. तोंडावर बांधलेला रुमाल हा धूर अडवू शकत नाही. अमेरिकेत शिशाच्या रंगावर ५९३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापणारी हीट गन वापरण्यास रंगकाम करणाऱ्यांना बंदी आहे, ती याच कारणासाठी.

हे सारे आम्ही त्या ओसरीत समजावून सांगितले. आजींचे समाधान होईना. "आम्ही सारे याच रंगात वाढलो. आम्हाला काय झाले?" त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर देणे आवश्यक होते. "आजी," आम्ही म्हणालो, "दारावर घट्ट बसलेला रंग पिंजऱ्यातल्या सापासारखा असतो. तो आहे तेथे आहे तोवर फारसा अपाय होत नाही. आपण तापवतो, खरवडतो, तेव्हा पिंजऱ्याचे दार आपणच उघडतो. आणि पाळण्याचे म्हणाल तर दात येऊ लागले की मूल त्याचा काठ चघळते. कोणाच्या अंगात किती गेले हे तुम्हा आम्हाला डोळ्यांनी दिसत नाही."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. त्या पाळण्यात त्यांचे सारे सासर साठलेले होते. तो मोडीत काढा असे सांगण्याचा अधिकार आम्हालाही नव्हता, आणि तसे आम्ही सांगितलेही नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "पाळणा थांबेल, फादर, पोर काही थांबायचे नाही. माझे जुने लुगडे आहे. त्याची झोळी बांधू." मुलाने यंत्राची वायर गुंडाळली. ओसरी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने दोनदा पुसून काढली, आणि सालपटे पिशवीत बांधून ठेवली. सुनेने आणि भाच्याने डॉक्टरांना विचारून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी, असे ठरले. दारावरचा उरलेला घट्ट रंग तसाच ठेवून त्यावर नवा रंग देण्याचेही ठरले. घराला आशीर्वाद देऊन आम्ही निघालो.

आता दुसऱ्या धोक्याकडे वळू. तो म्हणजे दडून राहणारी आग. रोम नगराच्या तटाबाहेर संत पॉलच्या कबरीवर उभारलेले महामंदिर चौथ्या शतकापासून चौदाशेहून अधिक वर्षे टिकले होते. नगराने स्वाऱ्या पाहिल्या, भूकंप पाहिले. मंदिर उभेच होते. १८२३ च्या जुलै महिन्यात छपरावरील शिशाच्या पत्र्यांची दुरुस्ती चालू असताना कामगाराच्या निष्काळजीपणामुळे विस्तवाचा अंश लाकडी छपरात राहिला, आणि १५ जुलैच्या रात्री मंदिराचा फार मोठा भाग जळून गेला. त्या वेळी पोप सातवे पायस मृत्युशय्येवर होते. त्यांना ही वार्ता कळू दिली नाही, असे सांगतात. पुढच्याच महिन्यात, २० ऑगस्ट रोजी, त्यांनी देह ठेवला. देशोदेशींच्या दानधर्मातून मंदिर पुन्हा उभे राहिले आणि १८५४ साली पोप नववे पायस यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. एका क्षणाची हयगय भरून काढावयास तीस वर्षे लागली!

हे जुन्या काळचे झाले, असे कोणी म्हणेल. इंग्लंडमधील अपार्क नावाचा प्राचीन वाडा १९८९ च्या ३० ऑगस्टला असाच जळाला. छपराची दुरुस्ती जवळजवळ संपत आली होती. शिशाचे पत्रे जोडणाऱ्या कामगारांच्या ज्योतीने घात केला. तो वाडा लोकांसाठी पुन्हा खुला व्हावयास १९९५ साल उजाडले.

या दोन्ही ठिकाणी ज्वालेचे किंवा निखाऱ्याचे काम होते, हे खरे. परंतु बिनज्वालेची तप्त हवाही तेच करू शकते. चौकटीच्या फटीतून ती आत शिरते. तेथे कोळिष्टके असतात, चिमणीचे घरटे असते, वाळवीने पोखरलेला भुसा असतो. तो पेटत नाही, धुमसतो. माणूस काम आटोपून जेवतो, जपमाळ म्हणून झोपी जातो, आणि मध्यरात्री चौकट भडकते. म्हणून पोकळ भिंतीजवळ, कौलांच्या वळचणीखाली, गवताच्या गंजीशेजारी हे यंत्र चालवूच नये. इतरत्र वापरल्यास काम संपल्यावर निदान तासभर तेथे लक्ष ठेवावे, जागेवर हात फिरवून ऊब लागते काय ते पाहावे, आणि पाण्याची बादली व वाळूचे घमेले आधीपासूनच हाताशी ठेवावे. विजेचे यंत्र प्लगला जोडलेले असताना मात्र त्यावर पाणी ओतू नये. आधी वीज तोडावी.

विजेचा हिशेबही प्रत्येक गृहस्थाने समजून घ्यावा. दोन हजार वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढते. दिव्यापंख्याचा लहान प्लग सहा अँपिअरचा असतो. त्याला हे यंत्र लावणे म्हणजे वासराच्या मानेवर बैलाचे जू ठेवणे होय. मोठ्या, सोळा अँपिअरच्या पॉवर प्लगलाच ते जोडावे, आणि त्या प्लगला अर्थिंग असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. जोडवायर लागलीच तर जाड घ्यावी, आणि ती पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर आपल्याच उष्णतेने वितळते.

काम करताना नळीचे तोंड पृष्ठभागापासून दोन-तीन इंच दूर धरावे आणि हात सतत हलता ठेवावा. रंग फुगला की पुरे. धूर निघाला तर उष्णता फार झाली असे समजावे. खिडकीच्या काचेवर झोत जाऊ देऊ नये, काच तडकते. अंगात सुती कपडे, पायांत बूट आणि डोळ्यांवर चष्मा असावा. दारेखिडक्या उघड्या असाव्यात. काम थांबवताना यंत्र एकदम बंद करून अंथरुणावर टाकू नये. थंड हवेची सोय असल्यास काही मिनिटे ती चालू ठेवावी, मग यंत्र नळी वर करून उभे करावे. बंद झाल्यावरही नळी बराच वेळ पोळते, आणि अपघात होतात ते बहुधा याच वेळी, घरातले लेकरू कुतूहलाने जवळ येते तेव्हा.

काही गोष्टी मात्र कधीच करू नयेत. टर्पेंटाईन, थिनर, पेट्रोल यांच्याजवळ हे यंत्र नेऊ नये. झाकण घट्ट बसलेला रंगाचा डबा तापवू नये, तो फुटतो. पीव्हीसीची नळी जपून मऊ करता येते, पण करपू दिल्यास तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू निघतो व छाती जाळतो. केस, ओले कपडे, गारठलेले अन्न यांसाठी त्याचा उपयोग करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की हिवाळ्यात गॅस मंद येतो म्हणून सिलिंडर तापवण्याचा जो अघोरी प्रकार कोठे कोठे चालतो, तो स्वप्नातही करू नये. मालव्याची थंडी कडक असते, हे आम्ही जाणतो. पण त्या उबेत अख्खे घर जाईल.

इतकेही करून हात भाजलाच, तर अंगठी व बांगड्या ताबडतोब काढाव्यात आणि भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ, तूप, हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. नंतर स्वच्छ फडके सैल गुंडाळून डॉक्टरांकडे जावे. तोंड, डोळे, हाताचा पंजा किंवा सांधा भाजला असेल, अथवा रोगी लहान मूल असेल, तर विलंब न लावता मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा सर्व संकटांचा क्रमांक घरातल्या मुलांनाही पाठ असावा.

शेवटी, ज्या आशीर्वादापासून आम्ही आरंभ केला त्याविषयी. आशीर्वादित पाणी शिंपडले म्हणजे यंत्र आपोआप निरुपद्रवी झाले, अशी समजूत काही भाबड्या मनांत असते. ही श्रद्धा नव्हे. मंदिराच्या कळसावरून खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने प्रभू येशूला सुचवले होते. देवाची परीक्षा पाहणे प्रभूने नाकारले. जो गृहस्थ सावधगिरी सोडून केवळ आशीर्वादावर विसंबतो, तो नकळत त्याच कळसावर उभा असतो. पाचवी आज्ञा केवळ खुन्यासाठी नाही. आपल्या व शेजाऱ्याच्या जिवाला निष्काळजीपणे धोक्यात घालणे हाही त्या आज्ञेचा भंग आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. आणि विवेक, न्याय, धैर्य व संयम या चार प्रमुख सद्गुणांत विवेकाचे स्थान पहिले आहे. कारण बाकीच्या तिघांना वाट दाखवण्याचे काम त्याचे.

नाझरेथच्या कार्यशाळेत संत जोसेफने हत्यारे परजली, ती एका बालकाच्या सान्निध्यात. हातातले काम उत्तम व्हावे आणि जवळच्या बालकाला इजा होऊ नये, ही दुहेरी काळजी त्या पवित्र सुताराने नित्य वाहिली असेल. आपल्या घरांतील प्रत्येक पित्याने तीच काळजी वाहावी. प्लग लावण्यापूर्वी अवश्य क्रुसाची खूण करावी. आणि ती करून झाल्यावर घोडा दाबण्याआधी एकवार आजूबाजूला पाहावे, लेकरे कोठे आहेत ते.